‘बोर्ड उडालाय’ म्हणून 1,400 रुपये घेतले, बिघाड निघाला सेलचा

जुने डिजिटल कॅमेरे सध्या पुन्हा कपाटातून बाहेर निघतायत, म्हणून दुरुस्तीवाल्यांची ही युक्ती सांगून ठेवतो.

कॅमेरा कॅनन पॉवरशॉट ए590, 2008 सालचा, दोन डबल-ए सेलवर चालणारा. चालू केला की लेन्स बाहेर यायची आणि बॅटरी बदलण्याचा मेसेज दाखवून सगळं बंद. रिचार्जेबल सेल रात्रभर चार्ज केलेले. पुण्यातल्या एका दुकानदाराने कॅमेरा हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, “साहेब, पॉवरचा बोर्ड उडालाय.” 1,400 रुपये. आणायला गेलो तेव्हा फ्लॅशसकट फोटो काढून दाखवला. पैसे गल्ल्यात गेल्यावर त्याने आतले सेल काढून घेतले आणि “हे तुमचे” म्हणत माझे जुने हातावर ठेवले. घरी येऊन बघतो तर पुन्हा तेच. परत गेलो, तर म्हणाला, “आता सेल गेलेत,” आणि ‘4600 एमएएच’ (सेलची क्षमता) छापलेले चार सेल 500 रुपयांना गळ्यात मारले.

त्याने फोटो काढून दाखवला तो नव्या अल्कलाइन (रिचार्ज न होणाऱ्या) सेलवर. सेल बदलले की कॅमेरा चालणार हे त्याला पहिल्या मिनिटालाच कळलं असणार. घरी भिंगाखाली पाहिलं, तर बुडाच्या स्क्रूंच्या खाचांत वर्षानुवर्षांची धूळ तशीच घट्ट बसलेली. स्क्रूड्रायव्हर कशाला, नखसुद्धा लागलेलं नव्हतं!

म्हणून कॅमेरा कुणाच्या हातात देण्याआधी सेल तपासा, आणि तेही लोडवर, म्हणजे सेलमधून करंट खेचत असताना. नुसता मल्टिमीटर लावून उपयोग नाही. माझे दोन्ही सेल 1.3 व्होल्ट दाखवत होते. मग 2 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर एकेका सेलला काही सेकंद लावून मोजलं (जास्त वेळ धरू नका, तापतो). एक सेल 1.2 वर टिकला, दुसरा बघता बघता 0.85 वर घसरला. जुन्या निकेल-मेटल हायड्राइड (नेहमीच्या रिचार्जेबल) सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतला विजेला होणारा अडथळा, वाढतो. लेन्सची मोटर फिरली किंवा फ्लॅश भरायला लागला की व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेऱ्याला सेल रिकामे वाटतात. जोडीतला एक मेला तरी पुरे.

अल्कलाइनवर व्यवस्थित आणि रिचार्जेबलवर बंद, असं असेल तर आधी संशय सेलवरच घ्या. संपर्कपट्ट्यांवर पांढरा-हिरवा गंज नाही ना, तेवढं बघा.

आणि ते ‘4600’? डबल-ए आकारात या जातीचा सेल फार तर 2700-2800 पर्यंत जातो. चांगल्या सेलचं वजन 26 ते 30 ग्रॅम भरतं. हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर 16 भरले.

दुरुस्तीला द्यावाच लागला, तर काढलेला भाग परत मागा आणि पक्कं बिल घ्या. माझ्याकडे नुसती चिठ्ठी होती, तरी ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवलीय. दुकानदाराने सेलचे 500 परत केले, बोर्डाचे 1,400 अजून नाहीत.