नुसता बिटलॉकर, पिनसह बिटलॉकर की व्हेराक्रिप्ट?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांची ड्रॉइंग्ज किंवा अशिलांची विवरणपत्रं असलेला लॅपटॉप पंचवटी एक्स्प्रेसमध्ये राहिला, तर तो कुणाच्या हाती पडतो आणि तेव्हा तो बंद होता का, यावर सगळं ठरतं.

बिटलॉकर म्हणजे विंडोजमधलीच डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करण्याची सोय, आणि टीपीएम म्हणजे त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी लॅपटॉपमधली सुरक्षा चिप. नुसत्या टीपीएमवरचा बिटलॉकर सगळ्यांत बिनकटकटीचा. बटण दाबलं की चिप आपणहून किल्ली देते. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडणाऱ्या भुरट्या चोराला काही मिळत नाही. जाणत्याला मात्र मिळू शकतं. टीपीएम वेगळी चिप असेल, तर किल्ली मदरबोर्डवरून उघडीच प्रवास करते. २०२४ मध्ये जुन्या लॅपटॉपवर स्वस्तातल्या रास्पबेरी पाय पिकोने ती मिनिटभराच्या आत टिपून दाखवली गेली. टीपीएम प्रोसेसरमध्येच असेल तर ही वाट बंद होते, पण लॅपटॉप सुरू होताच किल्ली रॅममध्ये (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीत) येते हे बदलत नाही.

पिन जोडला की तो टाकल्याशिवाय चिप किल्ली सोडत नाही, आणि फार चुका झाल्या की अडून बसते. म्हणून थोडे आकडे पुरतात; किमान ६, आम्ही ८ सुचवू. विंडोज प्रो लागतं. ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंग्जमध्ये) बिटलॉकरच्या ‘ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्ह्ज’खाली स्टार्टअपच्या जादा पडताळणीची पॉलिसी चालू करा, मग पिन लावा. बायोस (मदरबोर्डवरचं, विंडोजआधी चालणारं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, नाहीतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल.

व्हेराक्रिप्ट हे डिस्क कुलूपबंद करणारं वेगळं सॉफ्टवेअर फुकट, विंडोज होमवरही चालतं. पण इथे अंदाज रोखणारी चिप नाही. डिस्कची नक्कल करून कितीही पासवर्ड आजमावता येतात, त्यामुळे २० अक्षरांखाली जाऊ नका. सुरुवातीच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच असतो, म्हणजे देवनागरी पासवर्डचा विचार सोडा. हॉटेलच्या खोलीत मागे राहिलेल्या लॅपटॉपचा बूटलोडर (विंडोजआधी चालणारा, पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम) कुणी बदलला, तर पासवर्ड टाकताच चोरला जातो.

झाकण मिटून स्लीपमध्ये टाकलेल्या लॅपटॉपला तिन्हींपैकी काहीच वाचवत नाही, कारण किल्ली रॅममध्येच राहते. गार केलेल्या रॅममधून ती काढता येते, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवलं. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ ठेवा, म्हणजे रॅममधलं डिस्कवर जाऊन लॅपटॉप पूर्ण बंद होतो. नुसत्या टीपीएमला त्याचाही फारसा उपयोग नाही. चोराने बटण दाबलं की किल्ली पुन्हा रॅममध्ये.

प्रवासातल्या लॅपटॉपवर प्रो असेल तर पिनच. होम असेल आणि लांब पासवर्डचा कंटाळा नसेल तर व्हेराक्रिप्ट. कुलूपबंद ऑफिसातल्या डेस्कटॉपला नुसता टीपीएम चालेल. बिटलॉकर घेतलात तर रिकव्हरी की छापून लॅपटॉपच्या बॅगेबाहेर ठेवा: दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की जुनी टीपीएम गेली, आणि मग त्या ४८ अंकांशिवाय डिस्क उघडत नाही.