पेट्रियट्स की बेअर्स: २०२५ च्या उन्हाळ्यात खरं कोण सुधारलं?

माझा भाचा २०२४ मध्ये शिकायला बॉस्टनला आला. जुलै २०२५ मध्ये त्याचा फोन आला, "मामा, यंदा पेट्रियट्स धरतो. सगळे म्हणतायत की या ऑफसीझनमध्ये तेच सगळ्यात जास्त सुधारले." पेट्रियट्स म्हणजे तिथला एनएफएलचा, अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा संघ, आणि ऑफसीझन म्हणजे दोन हंगामांमधला, खेळाडू-कोच बदलण्याचा काळ. मला लगेच हो म्हणवेना. मी शिकागोजवळ राहतो, बेअर्स हा इथला संघ, तेव्हा माझं मन कुठे झुकतं हे त्याला ठाऊक होतंच. पण प्रश्न रास्त होता, आणि पुण्या-मुंबईत बसून एनएफएल बघणाऱ्या माझ्या मित्रांपुढेही तो दर ऑगस्टला असतो. रविवारी रात्री साडेदहाला सामने सुरू होतात, सकाळी कामावर जायचं असतं, आठवड्याला जेमतेम एक सामना पुरता बघून होतो. मग आधीच शिखरावर असलेल्या संघापेक्षा वर चढणारा संघ बघण्यात जास्त गोडी असते. तो कोणता, एवढंच ठरवायचं.

माझ्या यादीत सुरुवातीला चार नावं होती. रेडर्सनी कोच पीट कॅरल आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा खेळाडू) जीनो स्मिथ यांना आणलं आणि ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सहाव्या क्रमांकावर ॲश्टन जेंटीला घेतलं. कॅरल सप्टेंबर २०२५ मध्ये ७४ वर्षांचे होणार होते. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, पण हा बेत पडझड थांबवण्याचा वाटला, नवं घर बांधण्याचा नाही. जॅग्वार्सनी ट्रॅव्हिस हंटरसाठी २०२६ च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवडसुद्धा ब्राउन्सना देऊन टाकली. हंटर आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळतो, बघायला मिळालं तर जरूर बघा. पण एका खेळाडूमुळे संघ सुधारला असं म्हणायला मी तरी धजणार नाही. राहिले पेट्रियट्स आणि बेअर्स.

या दोघांत माझा कौल कशावरून ठरला, ते आधी सांगतो.

१० नोव्हेंबर २०२४. माझे बाबा सांगलीहून आमच्याकडे आले होते. दुपारी बारा वाजता सोल्जर फील्डवर बेअर्स विरुद्ध पेट्रियट्स. मी बाबांना नियम समजावत होतो, चार डाव, दहा यार्ड, वगैरे. दुसऱ्या सत्रात त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "ते सगळं राहू दे. या पोराला कुणी सांभाळत का नाही?" तो पोरगा म्हणजे बेअर्सचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स. त्या दिवशी पेट्रियट्सनी त्याला नऊ वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकायच्या आत पाडलं, आणि सामना १९-३ असा जिंकला. दोनच दिवसांत बेअर्सनी आपल्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला, म्हणजे आक्रमण आखणाऱ्या कोचला, काढलं. हंगाम संपला तेव्हा केलेबच्या नावावर ६८ सॅक लागले होते. एका हंगामात याहून जास्त मार खाल्लेले क्वार्टरबॅक लीगच्या इतिहासात दोनच आहेत.

तेव्हापासून मला एक सवय लागली. चेंडू सेंटरच्या (मधोमध उभा राहून चेंडू मागे देणाऱ्याच्या) हातून सुटला की मी मनात मोजतो: एक, दोन, तीन. २०२४ मध्ये बेअर्सच्या सामन्यात तीन म्हणेपर्यंत कुणीतरी आत घुसलेलं असायचं. रिसीव्हर (चेंडू झेलणारा) धावत सुटलेला, मोकळा झालेला, आणि त्याच्याकडे चेंडू फेकणारा मुलगा जमिनीवर. रविवारमागून रविवार हे बघताना मला जो त्रास झाला, तो हरण्याचा नव्हता. हरणं शिकागोवाल्यांना नवं नाही. त्रास होता तो एक चांगला, गुणी खेळाडू डोळ्यांदेखत खचतोय याचा. माझी सगळी तुलना शेवटी या एका गोष्टीपाशी येऊन थांबते, हे मला मान्य आहे.

यात २०२४ च्या उन्हाळ्याची आठवणही मिसळलेली आहे. तेव्हाही सगळे म्हणत होते की ऑफसीझन बेअर्सनी जिंकला. ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर केलेब, नवव्या क्रमांकावर रोम ओडूंझे, शिवाय कीनन ॲलन आणि डीआंद्रे स्विफ्ट. केलेब सोडला तर सगळे चेंडू झेलणारे किंवा घेऊन पळणारे. चेंडू फेकणाऱ्यापुढे उभं राहायला कोण आहे, हे फारसं कुणी विचारलं नाही. मीही नाही. निकाल ५-१२, म्हणजे ५ विजय आणि १२ पराभव, आणि मधे सलग दहा पराभव. २०११ मध्ये ईगल्सचं असंच झालं होतं. मोठमोठी नावं गोळा केली, 'ड्रीम टीम' म्हणवून घेतलं आणि ८-८ वर संपले. म्हणून आता मी दारातून कोण आत आलं याची यादी आधी वाचत नाही. दुखणं कुठे होतं आणि पैसा तिथेच गेला का, हे बघतो.

पेट्रियट्सचं आधी बघू, कारण त्यांची बाजू खरोखरच भक्कम होती. ४-१३ असा हंगाम, एकाच वर्षात हेड कोच जेरॉड मेयो यांची गच्छंती, आणि त्यांच्या जागी माइक व्रेबल. याच संघाकडून खेळाडू म्हणून तीन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेला माणूस. टेनेसीत सहा हंगाम हेड कोच होते, २०२१ मध्ये लीगचे सर्वोत्तम कोच ठरले. बेअर्सच्या बेन जॉन्सनकडे यातलं काहीच नव्हतं. तो पहिल्यांदाच हेड कोच होत होता. जोखीम नको असेल तर व्रेबल यांचंच पारडं जड होतं, यात मला शंका नाही.

पैसाही त्यांनी सढळ हाताने खर्च केला. ईगल्सचा मिल्टन विल्यम्स चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर्सना, सुपर बोलमध्ये दोन सॅक केलेला गडी. कॉर्नरला, म्हणजे रिसीव्हरना अडवायला, कार्लटन डेव्हिस, टेनेसीत व्रेबल यांच्या हाताखाली खेळलेला हॅरल्ड लँड्री, मधल्या फळीत रॉबर्ट स्पिलेन. एवढं केल्यावर बचाव सुधारणारच. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक ड्रेक मे याचे पास झेलायला स्टेफॉन डिग्ज आला, पण तो ऑक्टोबर २०२४ मध्ये गुडघ्याला झालेल्या मोठ्या दुखापतीतून परतत होता, तेव्हा थोडं सबुरीनं घ्यावं.

माझं अडतं ते लाइनपाशी, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायला त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांपाशी. ड्रेक मेच्या पाठीमागची, म्हणजे त्याला न दिसणारी डावी कड सांभाळायला त्यांनी ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर विल कॅम्बलला घेतलं. मुलगा हुशार आहे, मनापासून खेळतो. त्याच्या हातांच्या लांबीवर वसंत ऋतूभर जी चर्चा झाली ती मला जरा अतीच वाटली. पण नवखा लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा माणूस, शिकतो तो हंगामातच, आणि त्याच्या शिकण्याची किंमत क्वार्टरबॅक मोजतो. उजवीकडे मॉर्गन मोझेस होता, अनुभवी पण ३४ वर्षांचा. मोठा पैसा गेला तो बचावाकडे. चूक म्हणणार नाही. पण ज्याच्यावर पुढची दहा वर्षं अवलंबून आहेत त्या मुलाच्या संरक्षणाचं काम 'बघू, होईल' यावर सोडल्यासारखं मला वाटतं. कदाचित मी ६८ सॅक बघितलेला माणूस असल्यामुळेही वाटत असेल.

आता बेअर्स. मार्च २०२५ मध्ये तीन दिवस माझा फोन सारखा वाजत होता आणि प्रत्येक बातमी लाइनचीच होती. चीफ्सकडून जो थूनी, २०२६ ची चौथ्या फेरीची निवड देऊन. रॅम्सकडून जोना जॅक्सन, सहाव्या फेरीच्या निवडीवर. फाल्कन्सचा सेंटर ड्रू डॉलमन, तीन वर्षांसाठी ४ कोटी २० लाख डॉलर्सना. लेफ्ट गार्ड, सेंटर, राइट गार्ड: लाइनच्या मधल्या तिन्ही जागा नव्या, आणि तिन्ही ठिकाणी शिकाऊ नव्हे तर तयार माणसं. मधून येणारा दबाव क्वार्टरबॅकला सगळ्यात जाचतो, कारण बाहेरून कुणी आलं तर एक पाऊल पुढे सरकता येतं. समोरूनच कुणी आलं तर जाणार कुठे? बेअर्सनी पैसा नेमका तिथेच घातला.

थूनीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. त्याची कारकीर्द पेट्रियट्सकडेच सुरू झाली, तिथे त्यानं दोन सुपर बोल जिंकले आणि मग चीफ्सकडे आणखी दोन. २०२४ च्या हंगामात गार्डची जागा सोडून लेफ्ट टॅकलला उभं राहायची वेळ आली तर तेही केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ३३ वर्षांचा होणार होता, त्यामुळे हा दहा वर्षांचा इलाज नाही. पण केलेबला २०२५ च्या हंगामात दोन श्वास जास्त मिळावेत यासाठी याहून बरा माणूस मला सुचत नाही. सोल्जर फील्डच्या सामन्यात बाबांनी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला थूनीत दिसतं.

बेन जॉन्सनची नेमणूक जानेवारी २०२५ मध्ये झाली तेव्हा मला लगेच २८ नोव्हेंबर २०२४ चा थँक्सगिव्हिंगचा सामना आठवला. डेट्रॉइटमध्ये लायन्स २३-२० ने पुढे, बेअर्सकडे एक टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची मुभा) शिल्लक, केलेब सॅक झाला तेव्हा घड्याळात ३२ सेकंद होते. टाइमआउट घेतलाच नाही. सेकंद गळत गेले, शेवटचा पास हुकला, सामना संपला. दुसऱ्या दिवशी बेअर्सच्या हेड कोचची गच्छंती झाली. हंगामाच्या मध्यात हेड कोचला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिली वेळ. त्या दिवशी समोरच्या बाजूला लायन्सचं आक्रमण चालवत होता तो हाच जॉन्सन. लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारं ते आक्रमण होतं. आता तो आपल्याकडे आहे. हेड कोच म्हणून त्याची कसोटी तेव्हा लागायची होती, हे खरं. घड्याळ सांभाळणं हे पाटीवर डाव आखण्यापेक्षा वेगळं काम आहे. पण तो आल्यावर संघानं आधी लाइन बांधली, हे मला समजूतदारपणाचं वाटलं.

कॉल्स्टन लव्हलँड, ल्यूथर बर्डन या ड्राफ्टमधल्या चेंडू झेलणाऱ्यांच्या निवडींवर मी फार वेळ घालवणार नाही. चांगल्या आहेत, पण २०२४ चा धडा ताजा आहे. काळजी मला लेफ्ट टॅकलची वाटत होती. ब्रॅक्स्टन जोन्स घोट्याच्या दुखापतीतून परतत होता आणि ओझी ट्रापिलो नवखा होता. म्हणजे त्या एका जागी बेअर्सही पेट्रियट्सइतकेच अधांतरी होते. फरक इतकाच की शेजारी थूनी उभा असणार होता.

भाच्याला मी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली. सुधारणा म्हणजे जिंकलेल्या सामन्यांची संख्या, असं तुझं गणित असेल तर पेट्रियट्स घे. त्यांच्या गटात बिल्स सोडले तर २०२४ मध्ये कुणाचाही हंगाम बरोबरीच्या वर गेला नव्हता. बेअर्सच्या गटात लायन्स १५, व्हायकिंग्ज १४, पॅकर्स ११ सामने जिंकून बसले होते. बेअर्स कितीही सुधारले तरी त्या शेजारात ते आकड्यांत पुरतं उतरेलच असं नाही. बॉस्टनमध्ये राहून, मित्रांबरोबर बघायचं असेल तर शहराचा संघ धरण्यात वेगळा आनंद आहे, तोही मी नाकारणार नाही.

पण एखादा संघ आपल्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवून बरा होताना बघायचा असेल, तर मी बेअर्स म्हणेन. १७ ऑगस्ट २०२५ ला सरावाच्या सामन्यात त्यांनी बिल्सना ३८-० ने हरवलं. जॉश ॲलनसह बिल्सचे बरेच मुख्य खेळाडू मैदानात नव्हते, म्हणून त्या आकड्याला मी किंमत देत नाही. पण केलेबनं पहिल्याच वेळी ९२ यार्डांची मजल मारून टचडाउन केला, तेव्हा मी सवयीनं मोजत होतो. दोन-तीनदा चारच्या पुढे गेलो. गेल्या वर्षभरात असं क्वचितच झालं होतं. मी सांगलीला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ होती, बाबा चहा घेत होते. मी म्हटलं, "आता सांभाळतायत."

२०२५ च्या हंगामातला पेट्रियट्सचा पहिला सामना ७ सप्टेंबरला रेडर्सशी होता, भारतात रविवारी रात्री साडेदहाला. भाचा तोच बघणार होता, आणि मीही. बेअर्सचा सोमवारी रात्री घरच्या मैदानावर व्हायकिंग्जशी, म्हणजे भारतात मंगळवारी पहाटे पावणेसहाला. व्हायकिंग्जचा बचाव लीगमध्ये सगळ्यात जास्त ब्लिट्झ करणाऱ्यांपैकी (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणाऱ्यांपैकी) होता, त्यामुळे नव्या लाइनची परीक्षा पहिल्याच दिवशी होणार होती. भारतातल्या मित्रांना मी एवढंच सांगितलं: जमलं तर लवकर उठा. पहिल्या काही डावांत चेंडूकडे बघू नका, ६२ नंबरच्या थूनीकडे बघा आणि मोजा.