गोल विणायचा की तुकड्यांत? सुती ड्रेस आखताना

मोठ्या माणसाच्या अंगाचा उन्हाळी ड्रेस हाताने विणायचा म्हटलं की रंग आणि गळा नंतर ठरतात. आधी ठरवायचं ते हे, की गळ्यापासून खाली गोल सुईवर अखंड विणत जायचं, की पुढचा-मागचा भाग घेरापासून वर वेगवेगळा विणून जोडायचा. मी दोन्ही केलेत आणि बेळगावात दोन्ही घालून हिंडलेय.

अखंड ड्रेसचं सुख खरं आहे. काखेपर्यंत आलं की टाके लांब दोऱ्यावर घ्यायचे आणि अंगात घालून बघायचं. गळा मोठा झाला, छातीत ओढतंय, सगळं तिथल्या तिथे कळतं. उलट टाके जवळजवळ नाहीतच, त्यामुळे हात पळतो. लांबी शेवटी ठरवायची असते. धुतल्यावर ड्रेस लोंबला तर खालून उसवून चार बोटं कमी करता येतात. तुकड्यांच्या ड्रेसमध्ये खालची कड ही सुरुवातीची कड, ती अशी सरळ उसवत नाही.

म्हणून पहिला ड्रेस मी गोलच केला. नऊ नंबरच्या सुया, दहा सेंटीमीटरला 22 टाके. छाती 96, सैलपणा 6, म्हणजे 102 सेंटीमीटरला 224 टाके. दोन्ही बाजूंना काखेपासून खालपर्यंत एकेक उलट टाका सोडला होता, शिवणीसारखी रेघ दिसावी म्हणून. त्या रेघेनेच मला पकडून दिलं. दुसऱ्या धुण्यानंतर घालून बाहेर पडले, तर शेजारची म्हणाली, "काकू, ड्रेस फिरलाय की!" कमरेवरची रेघ गुडघ्यापाशी येईतो पार पुढे आली होती. ओढून सरळ केला, दहा पावलं चालले, परत तेच. लग्नातसुद्धा मी एक हात मांडीवर ठेवून उभी होते.

वडगावात आमच्या ओळखीचे एक हातमागवाले मामा आहेत. त्यांनी उरलेला दोरा हातभर घेतला, दोन्ही टोकं जवळ आणली आणि मध्ये लोंबू दिला. दोरा स्वतःभोवतीच गुंडाळला. "पीळ बसला नाही याचा," एवढंच म्हणाले. एकपदरी, कडक पिळाच्या दोऱ्यातला तो उरलेला पीळ टाक्यांत उतरतो आणि नुसत्या सुलट विणीत सगळे टाके एकाच अंगाला कलतात. गोल ड्रेसला अडवणारं काही नसतं, मग सगळं कापड फिरत जातं.

तुकड्यांत विणलं तरी हा कल येतोच, ते खोटं कशाला सांगू. पण तुकडा ओला असताना टाचण्या लावून चौकोनात बसवता येतो आणि वाळल्यावर दोन्ही कडांची शिवण त्याला धरून ठेवते. दुसरा ड्रेस मी उरलेल्या त्याच दोऱ्याचा केला. दर भागाला 112 टाके, शिवणीसाठी कडेला एकेक जास्त. दोन उन्हाळे झाले, रेघ जागची हललेली नाही. खांद्याची शिवणही वजन पेलते. सुती ड्रेस चांगला जड होतो आणि लोकरीसारखा आखडून परत जागेवर येत नाही.

लांबीचा घोळ मात्र आधीच निस्तरावा लागतो. पंधरा सेंटीमीटरचा चौकोन विणायचा, धुवायचा, खालच्या कडेला चिमटे लावून रात्रभर टांगायचा. माझा साडेसोळा भरला. म्हणून 95 हवी असलेली लांबी मी 86 धरून विणली. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच. वाळवताना मात्र कुठलाही असो, दोरीवर नाही. गच्चीवर चटई टाकून आडवा. आणि हे धुणं मे संपायच्या आत उरकावं. पुढे आमच्याकडचा पाऊस लागला की जाड सुती कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो.

तुमचा दोरा दोन-तीन पदरी असेल आणि लोंबवल्यावर गुंडाळत नसेल, तर गोल ड्रेस बहुधा सरळ राहील. साबुदाणा वीण (एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल) घेतली तरी कल बराच मरतो, कारण सुलट-उलट एकमेकांना ओढून धरतात. शिवायचाच कंटाळा असेल तर मी भांडणार नाही. शिवणीला माझे तीन दिवस गेले होते आणि एक बाजू उसवून परत करावी लागली.

सध्या जाऊबाईंचा ड्रेस सुईवर आहे. त्यांना गोलच हवा, शिवण टोचते म्हणे. दोरा तीनपदरी आणलाय, लोंबवून बघितला, निमूट राहिला. तरी कडेला एकेक उलट टाका सोडलाय. माझ्या स्वतःच्या नव्या ड्रेसचा मागचा भाग काल पूर्ण झाला, पुढच्याचे 114 टाके आज रात्री घालीन.