मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र (मराठी बायबल): दीड वर्ष वापरल्यावर

मी मालगाडीचा गार्ड. २०२२ पासून कागदावर आम्हाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यातली, खुर्ची तीच आणि तिच्यात बसणारा माणूसही तोच. घर भुसावळला. आमच्या नोकरीत रविवार असा वेगळा नसतो. दोन तास आधी कॉल येतो, लॉबीत, म्हणजे हजेरीच्या ऑफिसात, जाऊन दारूच्या तपासणीसाठी नळीत फुंकर मारायची, सही करायची आणि निघायचं. त्यामुळे उपासनेला मी महिन्यातून एकदा गेलो तरी पाळकसाहेब दारातच हात धरून म्हणतात, 'आलात का!' त्यात टोमणा नसतो. मला मात्र तो ऐकू येतो.

मग श्रद्धा टिकवायची कुठे? रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या स्टाफच्या विश्रांतीच्या खोलीत. मनमाड, बडनेरा किंवा खंडवा, जिथे उतरू तिथल्या लोखंडी खाटेवर, गाडी परत मिळेपर्यंतच्या वेळात. ड्युटीवर वाचत नाही. मागून गाडी बघायची असते, प्रत्येक स्टेशनला हिरवा झेंडा दाखवायचा असतो, तिथे पुस्तकाला जागा नाही. मोबाईलही बंद.

तर हे मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल मी दीड वर्षापूर्वी जळगावला ७८० रुपयांना घेतलं. चेन असलेलं काळं रेग्झीनचं कव्हर, कडेला अंगठ्याच्या खाचा, दोन रिबिनी, मधल्या पट्टीत बारीक अक्षरात संदर्भ, शेवटी चार नकाशे. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि कदाचित माझीच प्रत तशी निघाली असेल.

आधी अक्षराबद्दल. वडिलांचं जुनं बायबल माझ्याकडे होतं, ते चाळिशीच्या चष्म्यातूनही मुंग्यांच्या रांगेसारखं दिसायचं. रनिंग रूमची ट्यूबलाईट तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खाटेवर. अशा उजेडात हे पुस्तक चष्म्याशिवाय वाचता येतं, जोडाक्षरं एकमेकांत घुसत नाहीत. यातून एक फायदा असा झाला की जो मी दुकानात धरलाच नव्हता. मी सलग वाचायला लागलो. पूर्वी दहा ओव्या (बायबलची वचनं) वाचल्या की डोळे दुखायचे, मिटायचं, आमेन. आता मार्ककृत शुभवर्तमान, सोळा अध्याय, एका बैठकीत वाचून होतं. दीड तासाच्या आतबाहेर.

आणि सलग वाचल्यावर काय होतं ते सांगतो. पाचव्या अध्यायात याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणाला टेकलेली आहे, आणि त्याच अध्यायात बारा वर्षं रक्तस्रावानं आजारी असलेली बाई आहे. उपदेशात या दोन गोष्टी मी कायम वेगवेगळ्या रविवारी ऐकल्या होत्या. मार्कानं मात्र एकीच्या पोटात दुसरी ठेवली आहे. येशू याईराबरोबर निघालाय, वाटेत ती बाई त्याच्या वस्त्राला शिवते, आणि तो थांबतो. मला कोण शिवलं म्हणून गर्दीत शोधत बसतो. बाई पुढे येते, सगळं सांगते. आणि याईर? तो शेजारी उभाच आहे. त्या वेळात तो काय बोलला हे मार्क लिहीतच नाही. मग निरोप येतो की मुलगी गेली. शेवटी कळतं, मुलगीही बारा वर्षांची होती.

माझी धाकटी डेंग्यूनं दवाखान्यात होती तेव्हा मी एका लहान स्टेशनच्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, कोळशाची गाडी घेऊन तीन तास उभा होतो. मागून एकेक एक्स्प्रेस जात होती. कुणाची चूक नाही, त्यांचा नंबर आधी. मी पण काही बोललो नव्हतो. ज्याला लूपमध्ये उभं राहणं माहीत आहे त्याला याईराचं गप्प राहणं समजवायला कुणी लागत नाही. मुलगी बरी झाली, आता बारावीला आहे. पण त्या रात्री मी कुठे होतो, हे मला कळलं ते या अध्यायात.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे मधली संदर्भांची पट्टी. पहिले सहा महिने मी तिला छपाईची घाण समजत होतो. ओवीवर बारीक अ, ब, क असतं आणि पट्टीत त्याच अक्षरापुढे दुसऱ्या पुस्तकाचा अध्याय दिलेला असतो. वधस्तंभावरची येशूची 'एलोई, एलोई' (माझ्या देवा, माझ्या देवा) ही हाक लहानपणापासून ऐकतोय, दरवर्षी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला). ती स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे, हे मला बावन्नाव्या वर्षी त्या पट्टीनं दाखवलं. मागे जाऊन अख्खं स्तोत्र वाचलं, एकतीस ओव्या. सुरुवातीला देवानं सोडलं म्हणून आकांत, आणि शेवटी भर मंडळीत स्तुती. हे माहीत असलं की त्या हाकेचा आवाजच वेगळा लागतो. देवानं टाकलं असं वाटत असतानाही माणूस त्याच्याशीच बोलतोय. नवीन वाचकांना माझा एवढाच सल्ला: रोज एकच संदर्भ उघडा, पण उघडाच. खाचांमुळे पुस्तक सापडायला वेळ लागत नाही.

ओव्यांचे आकडेही मूळ लिखाणात नव्हते, नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) ते १५५१ मध्ये एका छापखानेवाल्यानं टाकले. तेव्हा आकडा दिसला की थांबलंच पाहिजे असं नाही.

मोबाईलवरचं ॲप मी वापरत नाही असं नाही. फुकट आहे आणि शोधायला त्याच्यासारखं काही नाही. अर्धा शब्द आठवला तरी ओवी हजर. आमची सौ., नवापूरची, सकाळी कळण्याच्या भाकरी थापताना त्याच ॲपवर स्तोत्रं ऐकते, पिठाच्या हातांनी पानं उलटता येत नाहीत. तिचं तेवढ्यात रोजचं वाचन होतं आणि माझ्यापेक्षा ती जास्त पाठ म्हणते, हेही खरं. पण माझ्या हातात मोबाईल आला की ओवीच्या डोक्यावरून युनियनच्या ग्रुपचा मेसेज उतरतो. त्यावर उत्तर द्यायचं, मग भांडायचं, मग झोपायचं.

भांडणावरून आठवलं. आमच्या लॉबीतल्या एकाबद्दल मी बोललो होतो की हा मालगाडी टाळायला सिक करतो, म्हणजे आजारी असल्याचं कळवतो. चारचौघांत, हसत. त्याची बायको खरंच दवाखान्यात होती, हे मला नंतर कळलं. त्या आठवड्यात वाचन मत्तय पाचव्या अध्यायाचं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. मी पुस्तक मिटलं. चारदा मिटलं असेल. कॉलवर गेलो तेव्हा तो लॉबीत सही करत होता. म्हणालो, 'माझं चुकलं.' तो म्हणाला, 'भाऊ, गाडी उभी आहे, मग बोलू.' अजून बोललेलो नाही. चहा मात्र एकदा त्यानं सांगितला.

आता तक्रारी. कागद इतका पातळ की मागच्या पानाची छाया पुढे येते. बॉलपेन वापरूच नका, योहानावर मारलेली रेघ माझ्याकडे दोन्ही बाजूंना आहे. पेन्सिल बरी. नकाशे काळेपांढरे, आणि त्यात गालील समुद्र शाईच्या डागासारखा दिसतो. वजन बॅगेत जाणवतं, पण ते मोठ्या अक्षरांचं वजन आहे, तक्रार नाही.

खरा घोटाळा बांधणीचा. भुसावळचा मे महिना कुणाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि ब्रेकव्हॅनचा पत्रा त्याच्याही वर. पहिल्याच उन्हाळ्यात कण्याचा डिंक मऊ झाला. उत्पत्ति आणि निर्गम, बायबलमधली पहिली दोन पुस्तकं, एक गठ्ठा होऊन बाहेर आली, लेवीय लोंबायला लागलं. दुकानात घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, 'उन्हात ठेवू नका.' खान्देशात राहून!

जळगावच्या जुन्या बाजारात खतावण्या शिवणाऱ्या एका काकांकडे नेलं. त्यांनी कणा उघडला, बोट फिरवलं आणि म्हणाले, 'दादा, आते शिवनंच पडी.' दोन दिवस ठेवून घेतलं. सगळे गठ्ठे जाड दोऱ्यानं शिवले, रेग्झीन फेकून दिलं आणि त्यांच्याकडे जे होतं तेच कापड लावलं, दुकानदाराच्या वहीचं लाल. २५० रुपये. देताना म्हणाले, हे आता तुमच्या पोरांनाही पुरेल, फक्त ओलं करू नका. आता रनिंग रूममध्ये मी ते काढलं की नवा माणूस विचारतो, कुणाची उधारी बघताय? सौ.नं तर त्यावर लाभ-शुभ लिहायचं बाकी ठेवलंय.

तेव्हा घेणार असाल तर अक्षरासाठी आणि मधल्या पट्टीसाठी जरूर घ्या. दुकानात मात्र कव्हर बघत बसू नका. पुस्तक मधोमध उघडा, स्तोत्रसंहितेच्या आसपास, आणि दोन पानांच्या खोबणीत वाकून बघा. दोरा दिसला तर पैसे द्या. नुसता डिंक दिसला तर २५० रुपये आणखी धरून चाला, आणि ते काम मेच्या आधी उरकून घ्या.