एकाच रेपोत तीन एजंट: काही महिने वापरल्यावर

बडोद्यात आमची छोटी टीम औषधांच्या स्टॉकिस्टसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. बॅकएंड जँगोचा, म्हणजे पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कचा. दिवाळीपासून एआय कोडिंग एजंट (स्वतः कोड लिहिणारी एआय साधनं) एकाच रेपोत, म्हणजे कोडच्या एकाच साठ्यात, एकाच वेळी कामाला लावतोय: सुरुवातीला एक बिलिंगवर, दुसरा मालाच्या परताव्यावर, कधी तिसरा रिपोर्टवर. वेग खरोखर वाढलाय आणि मी हे सोडणार नाही. पण एजंटांचा आपसात मेळ आपोआप बसेल, असं धरून चालू नका.

सुरुवात गिट वर्कट्रीने करा: गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं साधन, वर्कट्री म्हणजे त्याच रेपोचं आणखी एक कामाचं फोल्डर. ही सोय २०१५ पासून गिटमध्येच आहे. प्रत्येक एजंटला स्वतःचं फोल्डर, स्वतःची ब्रँच (बदलांची वेगळी शाखा). फक्त गिटबाहेर ठेवलेली एन्व्ह फाइल (पासवर्डसारख्या सेटिंग्जची) तिथे येत नाही, आणि डेटाबेस सगळ्यांना एकच राहिला तर एकाचं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) दुसऱ्याच्या टेस्ट पाडतं. डेटाबेस आणि पोर्ट वेगळे द्याच. दोन ब्रँचमधून एकाच क्रमांकाची मायग्रेशनं आली, तर जँगो निदान अडवतं तरी.

खरी भीती न अडणाऱ्या गोष्टींची. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे राज्यातल्या बिलावर सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच. ४९३.८० रुपयांच्या मालावर अडीच टक्के म्हणजे १२.३४५. बिलिंगवाल्या एजंटने पायथनच्या डेसिमलमध्ये 'राउंड हाफ अप' (अर्धा आला की वर) लिहिलं: १२.३५. परताव्यावाल्याने काहीच सांगितलं नाही, तेव्हा पायथनने आपल्या ठरलेल्या पद्धतीने सम अंकाकडे झुकवून १२.३४ दिलं. दोन्ही कर मिळून दोन पैशांचा फरक. फाइली वेगळ्या, त्यामुळे मर्ज (ब्रँच एकत्र करणं) बिनबोभाट. दोघांच्या टेस्ट हिरव्या, कारण ज्याने कोड लिहिला त्यानेच आपल्या समजुतीप्रमाणे टेस्टही लिहिल्या होत्या. डिफ (कोडमधले बदल दाखवणारी यादी) वाचताना हे एका सहकाऱ्याच्या नजरेला पडलं, नाहीतर एक्स्पायरीचा माल परत आला की पार्टीचं खातं कधीच जुळलं नसतं.

तेव्हापासून दोघांना लागणारं सामाईक फंक्शन आम्ही स्वतः लिहितो, मुख्य ब्रँचमध्ये टाकतो आणि मगच कामं वाटतो. तेच फंक्शन वापरायचा नियम एजंट्स डॉट एमडी या एजंटांसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्येही लिहिलाय, पण सेशन लांबलं की तो पाळला जाईलच असं नाही. म्हणून टेस्ट लावली: कुठलंही बिल आणि त्याचा पूर्ण परतावा मिळून शून्यच आलं पाहिजे. ही एक टेस्ट पानभर सूचनांपेक्षा जास्त कामाची ठरली.

तिसऱ्या एजंटबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कोड भराभर तयार होतो, पण तो वाचायला माणसं तेवढीच. न वाचलेल्या ब्रँच साठल्या की जुनी ब्रँच मर्ज करताना वाचवलेला वेळ परत जातो. त्यामुळे तिसऱ्याला आम्ही फक्त रिपोर्ट आणि डॉक्युमेंटेशन देतो. बिलिंग आणि परतावा मात्र आता एकाच एजंटकडे, एकामागून एक.