नवरदेवाच्या हाती काय द्यायचं: भाड्याची तलवार, विकतची, घरची की कट्यार?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत लग्न ठरलं की फेटेवाल्याकडे तलवारीचा विषय निघतोच. फेटा, मोत्यांची माळ, मोजडी आणि तलवार असा संचच अनेक जण भाड्याने देतात. तेवढ्यात घरातले एखादे काका म्हणतात, "भाड्याची कशाला? एक चांगली विकतच घेऊ, पुढे घराच्या संरक्षणालाही होईल." मिरवायची तलवार आणि संरक्षण, या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा, मग निवड सोपी होते.

भाड्याची तलवार म्हणजे बिनधारेचं हलकं पातं, वर चकचकीत मुलामा आणि मखमली म्यान. शस्त्रांची जाण असलेल्याला ती खेळण्यातली वाटेल. पण घोडीवर बसलेल्या नवरदेवाला एका हाताने खोगीर धरायचं असतं, कानाशी ढोल-ताशा, पायाशी नाचणारी पोरं. घोडी जराशी बुजली तरी हातातली वस्तू कुठे जाईल सांगता येत नाही. अशा वेळी हलकं आणि बोथट असणं हाच तिचा मोठा गुण. फक्त घेताना मूठ पिरगाळून बघा. वापरून वापरून मुठी सैल झालेल्या असतात आणि पातं निसटलं तर बोथट असलं तरी लागतंच.

विकतची पोलादी तलवार देखणी असते, यात वाद नाही. बोटं राखणारी परज, पात्याचा बाक, हाताला जाणवणारं वजन. इतिहासाचं वेड असलेल्याला मोह होणारच. पण शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या २०१६ च्या नियमांत धारदार हत्यारांच्या यादीत तलवारीचं नाव सरळ आहे. त्यातच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचाही उल्लेख आहे. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठीची अवजारं तेवढी वगळली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात. मग तलवार, भाला, सोटा काहीच घेऊन फिरता येत नाही. तलवारीने केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. वरातीतही वेगळं काही घडत नाही: मित्र तलवार उपसून नाचतो, कुणीतरी रील टाकतं आणि हळद निघायच्या आत घरच्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. ऑनलाइन 'शोभेची' म्हणून मागवली तरी धार असेल तर ती शोभेची राहत नाही.

राहिला संरक्षणाचा मुद्दा. तो मला अजिबात पटत नाही. घोडबंदर रोडच्या किंवा ऐरोलीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तलवार फिरवायला जागाच नसते. पंखा, कपाट, घरचंच माणूस आड येतं. सराव नसलेल्याच्या हातून ती हिसकावली जाण्याचा धोका वेगळाच. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण गरजेपुरत्याच बळाचा. घराच्या सुरक्षेसाठी जाळीचा दरवाजा, भक्कम कडी आणि ११२ हा नंबर जास्त कामाचे. घरातल्या मुलींसाठी मिरचीचा स्प्रे आणि कराटेचा नियमित वर्ग यांवर तेच पैसे घाला.

पणजोबांची तलवार घरात असेल तर गोष्ट वेगळी. तिचा मान मोठा आहे. पण तो देवघरापुढे, दसऱ्याच्या पूजेला; रस्त्यावर नाही. खाडीकाठच्या दमट हवेत पातं लवकर गंजतं, म्हणून पुसून तेलाचा हात फिरवा आणि कायम चामडी म्यानात कोंबून ठेवू नका, चामडं ओल धरतं.

माझं मत कट्यारीला. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हाती छोटी कट्यार द्यायची, टोकाला लिंबू खोचायचं, नजर लागू नये म्हणून. कित्येक मराठा आणि आगरी-कोळी घरांत हे आजही चालतं. बिनधारेची, आखूड कट्यार घेतली की रीतही पाळली जाते आणि मांडवात कुणाला इजाही होत नाही. फोटोसाठी तलवार हवीच असेल तर भाड्याची, हॉलच्या आत.

वाद्यांच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात जाल, तेव्हाच त्या तारखेला मनाई आदेश आहे का हे विचारून घ्या. असेल तर वरातीत नवरदेवाच्या हाती नारळ द्या.