केबलीतला फुगवटा आणि ‘मेलेला’ बोर्ड

आधी काय गेलं त्याचा हिशेब सांगते. केबलचे १,४५० रुपये, ‘चेकिंग’चे ३००, आणि ३२ जीबी रॅम जवळजवळ फुकटात. कॉम्प्युटरचा मदरबोर्ड मात्र अजून माझ्याकडे आहे, आणि तो चालू आहे. तो मेलाय असं मला छातीठोकपणे सांगण्यात आलं होतं, म्हणून हे लिहितेय.

मी घरून आर्किटेक्ट लोकांसाठी थ्रीडी व्ह्यू करून देते. मशीन म्हणजे एका बड्या कंपनीचं जुनं वर्कस्टेशन, लीज संपल्यावर कुठल्याशा ऑफिसातून बाहेर पडलेलं. झिऑन प्रोसेसर, ८ जीबीच्या ४ स्टिक. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, तासाभरात तीनदा लाइट गेली-आली, आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, गेला. मूळ एसएमपीएससाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फोन केला तर जुन्याचे ७,५०० सांगितले, वर वॉरंटी नाही. साधा नवा एटीएक्स, म्हणजे बहुतेक कॉम्प्युटरना चालणाऱ्या ठरावीक मापाचा, एसएमपीएस ३,००० मध्ये मिळत होता. तो आणला. कॉम्प्युटरवाल्यांना शंभरदा विचारत बसण्यापेक्षा आपणच लावू, असा माझा आव होता.

पण त्याचा २४ पिनांचा कनेक्टर बसवायला बोर्डावर जागाच नव्हती. तिथे एक छोटंसं, वेगळंच तोंड.

कारण नंतर कळलं. साध्या बोर्डाला एसएमपीएसकडून ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे वेगवेगळे पुरवठे लागतात. माझा बोर्ड फक्त १२ घेतो आणि बाकीचे स्वतः तयार करतो. हार्ड डिस्कची वीजसुद्धा बोर्डावरूनच निघते. इथपर्यंत सोपं आहे, पिवळ्या वायरी न्यायच्या आणि जोडायच्या. खरी मेख स्टँडबायची. मशीन बंद असतं तेव्हाही बोर्डाला थोडी वीज सतत मिळत असते, तिच्यावरच पॉवर बटण जागं असतं. साध्या एटीएक्समध्ये ही जांभळी वायर ५ व्होल्टची. माझ्या बोर्डाला तिथेही १२ हवे. म्हणजे नुसत्या वायरी जोडून भागत नाही, मधे ५ चे १२ करणारी छोटी सर्किट लागते. चांगल्या कन्व्हर्टर केबलमध्ये ती काळ्या हीटश्रिंकच्या (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या प्लास्टिकच्या) नळीखाली बसवलेली असते, म्हणून केबलला मधेच एक फुगवटा दिसतो.

पेठेतल्या एका दुकानात तशी केबल मिळाली. खुंटीवर टांगलेली, मधे फुगवटा. दुकानदाराने फुगवट्यावर बोट ठेवून सांगितलं, “मॅडम, ह्यात सर्किट आहे, म्हणून महाग. साधी घेऊ नका, बोर्ड उडेल.” त्याला सगळं माहीत होतं, आणि त्या माहितीवरच माझा विश्वास बसला. बिल मागितलं तर चिठ्ठीवर ‘केबल – १’ लिहून दिलं.

घरी लावलं. काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही. तशीच रिक्षात मशीन घालून दुकानात गेले.

त्याने बटण दाबून पाहिलं, मग मल्टिमीटर काढला, बीप वाजणाऱ्या सेटिंगवर ठेवला आणि प्रोसेसरशेजारच्या कॉइलवर एक प्रोब, बॉडीला दुसरा. बीप. दुसरी कॉइल. बीप. “ऐकलंत? पूर्ण शॉर्ट आहे. जुना एसएमपीएस जाताना बोर्ड घेऊन गेला.” आवाजात इतकी सहानुभूती की मलाच वाईट वाटलं त्याच्यासाठी.

मग म्हणाला, रॅम वाचली असेल, पण ही रजिस्टर्ड ईसीसी, म्हणजे सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीची, रॅम साध्या बोर्डात चालत नाही, तिला गिऱ्हाईक नाही. साध्या बोर्डात चालत नाही हे खरं आहे, मी तिथेच फोनवर शोधून खात्री केली. खरं निघालं म्हणून बाकीचंही खरं मानलं. १,२०० रुपयांत ४ स्टिक दिल्या, तेही रोख नाही, त्याच्याकडच्या एका सेकंडहँड मशीनच्या ॲडव्हान्समध्ये वळते केले. वर माझे २,०००. बोर्डही तो ‘भंगारात’ घेणार होता, पण कॅबिनेटमधून काढायला वेळ लागेल म्हणून मी परत नेला. तेवढ्याने वाचला.

आमच्या सोसायटीखाली टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांना कॅबिनेट विकायचं का विचारायला गेले. त्यांनी एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली, त्याचा पंखा फिरला, म्हणजे नवा एसएमपीएस ठीक होता. मग केबल बोर्डाला लावून जांभळ्या वायरच्या मागच्या बाजूने प्रोब घातला.

“पाच पॉइंट एक.”

“मग?”

“अगं, तुझ्या मेलेल्या एसएमपीएसवर काय लिहिलंय ते वाच.”

स्टिकरवर बारीक अक्षरांत स्टँडबायपुढे १२ व्होल्ट. इतके दिवस ते टेबलावर माझ्यासमोर पडलेलं होतं.

काकांनी ब्लेडने नळी उभी चिरली. आत जांभळी वायर सरळ जांभळ्या वायरला डाग देऊन जोडलेली, आणि तिच्याभोवती घडी घातलेला प्लास्टिकचा तुकडा. सिम काढून घेतल्यावर जे कार्ड उरतं ना, ते. सिमच्या आकाराचं भोक अर्धं दिसत होतं. फुगवटा तेवढ्याचा होता.

बीपचं विचारलं तर हसले. प्रोसेसर बसवलेला असताना त्या कॉइलपाशी रोध इतका कमी असतो की चांगल्या बोर्डावरही मीटर वाजतो. ‘शॉर्ट’ दाखवायला याहून सोपी जागा नाही. मीटर खोटं बोलत नव्हता, दुकानदार बोलत होता. ज्याने केबल विकली त्याच्याकडूनच बोर्डाचं निदान करून घेतलं, चूक झाली ती तिथे. १,४५० चा माल खराब निघाला असता तर मी भांडले असते. बोर्डच मेलाय म्हटल्यावर केबलचा विषयच संपला.

काकांनी एक स्टेप-अप मॉड्यूल आणलं. आधी बोर्डाला न जोडता नुसतं मीटरवर धरून स्क्रू फिरवत बरोबर १२ वर आणलं, मग जांभळ्या वायरीत बसवलं. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला. कोणाच्या उधार स्टिकवर मशीन बूटसुद्धा झालं.

दिसायला तोंड जुळतं म्हणून आतल्या वायरी जुळतात असं नाही, हा घोळ जुनाच आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेलच्या मशीनमध्ये २० पिनांचा कनेक्टर हुबेहूब एटीएक्ससारखा असे, पण पिनांचा क्रम वेगळा. बाजारातला साधा एसएमपीएस लावून लोकांनी बोर्ड जाळले. माझ्याकडे १२ च्या जागी ५ गेले, म्हणून काही जळलं नाही. उलटं झालं असतं तर दुकानदाराचं निदान खरं ठरलं असतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. यूपीआयमुळे पैसे दिल्याची नोंद आहे, कशासाठी दिले त्याची नाही. केबलचं नाव, कोणत्या मॉडेलसाठी, स्टँडबाय किती व्होल्ट, एवढं चिठ्ठीवर लिहून घेतलं असतं तर बोलायला काही हातात असतं.

दुकानात परत गेले. “नळी फाडलीत ना तुम्ही, मग आता काय बोलायचं?” रॅम म्हणे विकली गेली. जिला गिऱ्हाईक नव्हतं तीच. आवाज चढवल्यावर ॲडव्हान्सपैकी २,००० परत दिले, बाकी काही नाही.

निघताना खुंटीकडे पाहिलं. तशाच चार केबली टांगलेल्या होत्या. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. एकीचा फुगवटा चिमटीत धरून दाबला. लवला.